वाचकांचे प्रश्न : आमच्या टेकडीत आहे तरी काय?

ह्या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून निम्म्याच्या वर प्रश्न टेकड्यांचेच आलेत. पाऊस तोंडावर आलाय, गावोगावी खड्डे खणून रोपं लावायची तयारी चाललीय, त्यामुळं असेल. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा देतोय कारण तो प्रश्न एका गावाचा नाही, गोदावरी, कादवा, दारणा, बाणगंगा ह्यांच्या काठच्या निदान शंभर टेकड्यांचा आहे असं मला वाटतं.

प्रश्न : सर नमस्कार. आमचं गाव कादवेच्या काठाला आहे. गावाला लागून उत्तरेला छोटी टेकडी आहे, चढायला पंधरा मिनिटं, वर म्हसोबाचं ठाणं. गावाकडची बाजू एकदम बोडकी आहे, आजोबांच्या काळी ती अशी नव्हती म्हणतात, आणि पलीकडची बाजू गवत, करवंदी, पळस अशी हिरवी. त्या बाजूला अर्ध्यावर एक झिरा आहे, तो दिवाळीपर्यंत वाहतो, म्हातारी माणसं सांगतात आधी होळीपर्यंत पाणी असायचं. टेकडीचा काही भाग गायरान आहे आणि काही दोन-तीन जणांच्या सातबाऱ्यावर. पायथ्याला जेसीबीनं मुरूम काढणं सुरू झालंय, एक जण माथा सपाट करून द्राक्षबाग लावायची म्हणतोय आणि ग्रामपंचायत म्हणते आम्ही हजार झाडं लावतो. टेकडी नेमकी कशाची बनलीय, पाणी कुठून येतं आणि आम्ही काय करावं?
— एक तरुण शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, तुम्ही पाठवलेले नऊ फोटो मी मोठे करून करून बघितले आणि सगळ्यात कामाचा फोटो कुठला निघाला सांगू का, जेसीबीनं पायथा कापलाय तो. कापल्यामुळं टेकडीचं पोट उघडं पडलंय. त्यात सगळ्यात वर वीतभर माती, खाली पिवळसर भुरकट मुरूम, मुरमात अडकलेले गोल गोल धोंडे, मग काळा कातळ आणि एकदम खाली डाव्या कोपऱ्यात विटेसारखा लाल पट्टा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ह्या एका फोटोत आहेत.

आपला सगळा नाशिक जिल्हा लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, परत आला, असं कितीतरी वेळा झालं. थरावर थर, जवळपास आडवे. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, ह्या खडकांना ट्रॅप म्हणतात तो शब्दसुद्धा पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आता प्रत्येक थर सारखा नसतो. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट काळा पाषाण बनतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. वरच्या भागात वाफा आणि वायूचे बुडबुडे अडकतात, तो भोकाभोकांचा खडक, ज्याला आपले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. आणि एक थर थिजून दुसरा यायच्या मधे जर बराच काळ गेला तर खालच्या थराची वरची बाजू कुजून लाल माती होते, नंतरच्या लाव्ह्यानं ती भाजून निघते, तोच तुमचा विटकरी पट्टा. बोअरवाल्यांना विचारा, ते लाल लागलं की केसिंग म्हणजे आधाराचा पाइप टाका म्हणतात कारण ती माती भिजली की फुगते आणि ढासळते.

टेकडी उरली कशी? नदीनं आणि दोन्ही बाजूच्या ओहोळांनी खोरं कोरत नेलं आणि मधे जिथं माथ्यावर घट्ट काळा पाषाण होता तेवढा तुकडा टिकला. म्हणजे टेकडी वर आलेली नाही, आजूबाजूचं खाली गेलंय. तुमच्या नदीकाठच्या काळ्या मातीत जे आहे त्यातलं बरंचसं कधीकाळी अशाच टेकड्यांचं अंग होतं.

त्या गोल धोंड्यांतला एक हातात घेऊन बघा. वरून बोटानं दाबलं की पापुद्रा निघतो, त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, आणि आत मुठीएवढा काळा निबर गोळा. अगदी कांदा सोलल्यासारखं. भेगांमधून पाणी शिरतं, चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी कुजतात कारण तिथं पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं, म्हणून तुकडा गोल होत जातो. हे पापुद्रे सुटून सुटून जे तयार होतं तो मुरूम, आणि मुरमाची माती. वीतभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात, जेसीबीचा एक बकेट भरायला अर्धा मिनिट लागत नाही.

आता पाणी. पाऊस गवतावर पडतो, मुळांच्या वाटेनं मातीत जातो, मुरमात उतरतो, मुरूम हा स्पंजसारखा आहे, तिथं थांबतो, मग पाषाणाच्या भेगांतून हळूहळू खाली जातो आणि लाल पट्ट्यावर येऊन अडतो कारण ती चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही. खाली जाता येत नाही म्हणून पाणी आडवं सरकतं आणि जिथं तो पट्टा उतारावर उघडा पडतो तिथं बाहेर येतं. तो तुमचा झिरा. झिऱ्याच्या तोंडाशी जरा खरवडून बघा, लाल माती लागेल बहुतेक. म्हणजे झिऱ्याचं पाणी नदीचं नाही की पाताळातलं नाही, तुमच्याच टेकडीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं आहे, दुसरीकडून एक थेंब येत नाही. माथा हीच त्याची टाकी. होळीचं पाणी दिवाळीवर आलं ह्याचा अर्थ पाऊस आत जायच्या ऐवजी वरून पळतोय, आणि माथ्यावर कोणी बोअर घेऊन लाल पट्ट्याला भोक पाडलं असेल तर पाणी तिकडूनही खाली उतरत असेल, ते गावात विचारून घ्या.

एक बाजू बोडकी का ह्याला तीन कारणं आहेत. आपण साधारण २० अंश उत्तरेला आहोत, त्यामुळं वर्षातले दहा महिने दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, मेचा शेवट ते जुलैचा तिसरा आठवडा एवढंच ते डोक्यावरून जरा उत्तरेला जातं. म्हणजे दक्षिणेचा उतार जास्त तापतो, लवकर सुकतो. दुसरं, पावसाचा मारा नैऋत्येकडून, तो ह्याच बाजूला जास्त बसतो, माती धुतो. तिसरं कारण म्हणजे गाव त्याच बाजूला आहे. रोजची जनावरं, सरपण, पायवाटा, होळीच्या आधी कोणीतरी लावलेली आग, सगळं जवळच्या बाजूला. मला विचाराल तर तिसरं कारण सगळ्यात मोठं, कारण पहिली दोन कारणं तुमच्या आजोबांच्या काळीही होतीच की, तेव्हा ती बाजू अशी नव्हती असं तुम्हीच लिहिलंय.

मग करायचं काय. पहिलं, मुरूम थांबवा. पायथा कापला की वरचा सगळा उतार आधारावाचून राहतो, वर भेगाळलेला खडक आणि खाली भिजून फुगणारी लाल माती, पावसात सरकायला अजून काय लागतं. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं आणि दीडशेवर माणसं गेली, तिथला डोंगर तुमच्या टेकडीपेक्षा कितीतरी मोठा आणि पाऊसही जास्त, पण उताराला हात लावताना ते गाव डोळ्यांसमोर असलं पाहिजे. मुरूम हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय काढलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ पोटकलम ७ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडीसुद्धा अडकवता येते. तोंडी सांगून होत नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, तारीख टाकलेले फोटो जोडा आणि पोच घ्या.

दुसरं, द्राक्षबागवाल्या भाऊंशी भांडू नका, त्यांच्याशी बसून बोला. मुरमाड जमीन द्राक्षाला चांगली असते हे त्यांचं म्हणणं खरंय, पाण्याचा निचरा होतो, मुळं कुजत नाहीत, नाशिकच्या हलक्या जमिनीवरच तर बागा वाढल्या. पण मुरमाड जमीन वेगळी आणि माथ्याचा कातळ फोडून सपाट केलेली जमीन वेगळी. माथा सपाट केला की झिरा गेला, आणि बागेला पाणी लागणारच, ते कादवेतून उचलून वर आणायचं, वर प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं करायचं. अस्तराचं शेततळं म्हणजे उघडी टाकी, त्यातून एक थेंब झिरपत नाही. त्यांनी पायथ्याच्या सौम्य उतारावर बांध घालून बाग केली तर माझी काहीच हरकत नाही, आणि झिरा टिकला तर त्यांच्याच विहिरीला फायदा आहे. हे त्यांना झिऱ्याच्या तोंडाशी नेऊन दाखवा, ग्रामसभेत हात वर करून सांगू नका.

तिसरं, झाडं. इथं माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही तरी सांगतो. हजार झाडं नकोत. तुमच्या फोटोतल्या हिरव्या बाजूला मला कुसळी, शेडा, मारवेल दिसतंय, मधून पळस, हिवर, बोर, करवंद. एवढ्या कमी मातीवर, एवढ्या पावसात हेच नीट जगतं. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात येईपर्यंत तो सातशेच्या आसपास उतरतो, तुम्ही पूर्वेकडं जाल तसा अजून कमी. घाटातलं जंगल कादवेच्या खोऱ्यातल्या टेकडीवर मागून कसं चालेल. आणि खड्डे खणताना आपण काय करतो, शंभर वर्षं विणलेली गवताची चटई फाडतो, त्यात गिरिपुष्प लावतो कारण त्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, ते जगतं, फोटोत हिरवं दिसतं, खाली मात्र ना चारा ना तित्तर ना टिटवीची अंडी. त्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करून अर्धी टेकडी तीन वर्षं चराईसाठी बंद ठेवा, गवत विळ्यानं कापून न्यायला मोकळीक द्या, मग दुसरी अर्धी बंद करा. मेंढ्या-शेळ्यांवाल्यांना आधी बोलवा, त्यांना वगळून केलेली चराईबंदी कुठंच टिकलेली मी बघितली नाही. बोडक्या बाजूला घळींमध्ये दगडी बांध घाला, समतल चर काढायचे तर तिथंच काढा, गवताच्या बाजूला नको. झाडं लावायचीच तर ओहोळाच्या कडेनं उंबर, जांभूळ, करंज लावा, शंभरच लावा आणि जगवा. पळसाची, बोरीची खोडं बोडक्या बाजूलाही जमिनीत जिवंत असतात, दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी खुडली जातात, ती नुसती दोन पावसाळे वाचली तरी तुम्हाला फरक दिसेल.

प्रश्न : सर, आमच्या सातबाऱ्यावर टेकडीचा ३० गुंठे भाग "पोटखराबा" लिहिलाय. म्हणजे ती जमीन वायाच ना?
— सिन्नर तालुका

उत्तर : नाही ताई. पोटखराबा हा महसुलाचा शब्द आहे, ज्या तुकड्यात पीक येत नाही त्यावर सारा लावायचा नाही एवढाच त्याचा अर्थ. मालकी तुमचीच आहे. तुमच्या विहिरीला जानेवारीत जे पाणी असतं त्यातलं बरंच ह्या ३० गुंठ्यांतून आत गेलेलं असतं, त्यामुळं तो तुकडा नांगरू नका आणि त्यावरचा दगड विकू नका, बाकी गवत दरवर्षी कापून घ्या.

प्रश्न : विहीर खोदताना पांढरे, गुलाबी, चमकणारे दगड निघालेत, काही पंख्यासारखे, काही काचेसारखे टोकदार. हिरे तर नाहीत ना?
— निफाड तालुका

उत्तर : हिरे नाहीत पण सुंदर आहेत. वर मांजऱ्या खडक म्हणालो ना, त्याच्या भोकांमधून लाव्हा थंड होताना आणि नंतरही गरम पाणी फिरलं आणि त्यात विरघळलेली द्रव्यं आतल्या बाजूला सावकाश जमत गेली. पंख्यासारखे बहुतेक स्टिल्बाइट, काचेसारखे टोकदार असतील तर ॲपोफिलाइट, ही त्या खनिजांची नावं. पांडवलेण्याच्या आसपासच्या खाणींतलं हिरवं ॲपोफिलाइट जगभरातल्या संग्राहकांना माहीत आहे. सिन्नरच्या एमआयडीसीत गारगोटी म्युझियम आहे, आपले दगड घेऊन तिथं जा आणि जुळवून बघा, मुलांनाही न्या. घरी ठेवणार असाल तर ॲसिडनं धुऊ नका, ब्रशनं आणि साध्या पाण्यानं पुसा.

प्रश्न : मी रोज सकाळी पांडवलेण्यावर चालायला जातो. सगळी लेणी एकाच उंचीवर, एका ओळीत का आहेत? आणि त्या काळी खालची जमीन कशी असेल?
— नाशिक शहर

उत्तर : काका, पहिल्याचं उत्तर खडकात आहे. लेणं कोरायला जाड, एकजीव, फार भेगा नसलेला थर लागतो, छताला मांजऱ्या आला किंवा लाल पट्टा आला तर छत टिकत नाही आणि पाणी गळतं. तसा चांगला थर आडवा पसरलेला, म्हणून लेणीही त्याच्याबरोबर आडवी गेलीत. वर जाताना कड्याच्या खाली जिथं ओलसर हिरवट पट्टे दिसतात तिथं थांबून थराचा बदल बघा, नोव्हेंबरपर्यंत छान कळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तिथल्या भिंतीवरच लिहिलंय. लेणं क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे, त्यात डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना काखडी नावाच्या गावचं २०० निवर्तनं (निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप) शेत दिल्याची नोंद आहे, आधी ते शेत उषवदाताकडं, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाकडं होतं. आणि मग त्याच्या कारकिर्दीच्या २४ व्या वर्षाचा पुढचा लेख, त्यात राजा आणि राजमाता म्हणतात की ते शेत कोणी कसत नाही, गावही वसत नाही, म्हणून त्याच्या बदली नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तनं देतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथंच उभा राहिलो होतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच खोऱ्यात एक गाव ओस पडलं, शेत पडीक पडलं, आणि त्याची दखल घेऊन नवा कागद करावा तसा दगडावर नवा लेख कोरला गेला. गाव का उठलं ते लेखात नाही. पण टेकडीवर राहणाऱ्यांचं पोट खालच्या काळ्या जमिनीवर होतं आणि पाणी टेकडीच्याच कातळात कोरलेल्या टाक्यांत साठवत होते, ही मांडणी तुम्हाला आजही वरून दिसते. टाक्यांकडं बघितल्याशिवाय खाली उतरू नका.

प्रश्न : सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळेमागं ओसाड माळ आहे. सातवीच्या मुलांना तिथं नेऊन काय दाखवू, झाड तर एकही नाही.
— त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : बाई, ओसाड हा शब्द आधी मुलांच्या तोंडून काढून टाका. तुमच्या जवळच अंजनेरी आहे, उन्हाळ्यात त्याचं पठार बघितलं तर कोणीही ओसाडच म्हणेल, आणि तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी त्या डोंगराचंच नाव दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका. अशी झाडं वर्षाचे आठ-नऊ महिने जमिनीखाली कंदात असतात, नांगर किंवा जेसीबी फिरला की आपण काय गमावलं ते कळतही नाही. तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्याच दहा पावलांच्या चौकोनात मुलांना न्या. दगडांनी चौकोन आखा, फुलं तोडायची नाहीत, रंग आणि पाकळ्या मोजून वहीत काढायच्या. सप्टेंबरपर्यंत तेरडा आणि सोनकी येऊन जाईल, मुलांची वही भरून जाईल.

दोन प्रयोग सांगतो. तेलाचा रिकामा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापा, कडा ठोकून घ्या म्हणजे कोणाचा हात कापणार नाही. पहिला डबा गवतात चार बोटं जमिनीत दाबा, तसाच दुसरा पायवाटेवर दाबा. दोन्हीत एकेक लिटर पाणी ओता आणि मोबाइलवर वेळ लावा. पाणी जिरायला दोन्हीकडं किती वेळ लागला तो आकडा मुलांनी स्वतः फळ्यावर लिहायचा, तुम्ही आधी काही सांगू नका.

दुसरा दिवाळीनंतर करा, कुसळं पिकल्यावर. कुसळाचं एक वाळलेलं बी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. त्याची लांब काळी शेपटी पिळलेली असते, ओली झाली की ती उलगडायला लागते आणि बी तळहातावर गोल गोल फिरायला लागतं. रात्री दव पडलं की उलगडायचं, दुपारी सुकलं की परत पिळायचं, असं करत ते टोकदार बी माळाच्या भेगेत स्वतःला पेरून घेतं. मुलांच्या मोज्यात घुसतं ते ह्याच कारणानं. एक मूल तरी ओरडेलच की बाई हे जिवंत आहे. त्याला सांगा, हो, जिवंतच आहे.